भजनी मंडळाची मागची रांग

नमस्कार, श्रोतेहो.

१९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती धरली, १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. त्यांच्या सेवा मंडळामुळे सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरी भजन विदर्भात खेडोपाडी पोचलं. दिवसभर कापूस वेचलेले हात रात्री पेटीवर, डग्ग्यावर, टाळांवर पडतात. बिदागीची अपेक्षा कुणालाच नसते. अशा मंडळात पुढे बसणाऱ्या बुवांचं नाव पंचक्रोशीत होतं. आज बोलायचं आहे ते मागच्या रांगेबद्दल. मंडळ तिच्याच जिवावर चालतं, असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे पेटी सांभाळणारे एक काका आहेत. पेटीतला सूर म्हणजे पितळेची पातळ पट्टी. तिच्यात धुळीचा कण अडकला की सूर मुका होतो. काका पेटी उघडतात, दम धरतात आणि पातळ कागदाची कड पट्टीखालून अलगद फिरवतात. सूर उतरला असेल तर खरवडणं आलं. टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, बुडाकडे खरवडलं की उतरतो. हात जरा जड पडला की पट्टी वाया. काका स्वतः गात नाहीत, पण पेटी त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बुवा सूर लावत नाहीत.

खंजिरीचं दुखणं वेगळं. पावसाळी हवेत चामडं सादळतं, थाप बसते पण आवाज उठत नाही. मग एखादा पोरगा देवळामागे काटक्या पेटवून ती शेकत बसतो. लांबून, सारखी फिरवत. फार जवळ नेली तर चामडं तडकतं. भजन रंगात आलेलं असताना तो पुन्हा उठून जातो, पुन्हा शेकून आणतो. त्याच्याकडे कुणी पाहत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि माणसं जमवणारा? शेतीपंपाची लाईन कधी दिवसाची, कधी रात्रीची. हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं की नेमका तबलजी बांधावर. म्हणून आमचे एक भाऊ दुपारपासूनच फोन लावतात, "काऊन गा, आज तुही लाईन रातची हाय का?" हो म्हटलं की दुसऱ्या गड्याला निरोप. त्यासाठी त्यांनी दोन पोरांना ठेका शिकवून ठेवला आहे. सतरंजी, दिवा, चहा हेही तेच पाहतात.

महिला मंडळांत तर ही सगळी कामं स्वयंपाक आणि निंदण उरकून होतात. त्यावर एक स्वतंत्र भाषण व्हायला हवं.

आता एक विनंती. जुन्या चाली कागदावर नाहीत, म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहेत. पुढच्या बैठकीला मोबाईलवर त्या टिपून घ्या. फोन पेटीपासून चार हात लांब ठेवा, पंखा बंद करा. खंजिरी जवळ असली की आवाज फाटतो, म्हणून तिला मागे बसवा. चाल कुणाकडून आली, हे गाणाऱ्याच्याच तोंडून आधी बोलवून घ्या. आणि ते रेकॉर्डिंग निदान दोघांच्या फोनवर तरी पाठवून ठेवा.

नमस्कार.