सांजोवेसे द्राक्षाचे मुलूख

इटलीच्या मध्यभागी, टस्कनी प्रांतात, फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या दरम्यान पसरलेल्या या टेकड्यांवर सप्टेंबर संपत आला की बागायतदारांचे लक्ष आकाशाकडे लागते. सांजोवेसे हे इथले मुख्य काळे द्राक्ष उशिरा पिकते. इतर अनेक जातींची काढणी आटोपली तरी त्याचे घड वेलीवरच असतात, आणि साल पातळ असल्यामुळे सलग पाऊस लागला तर मणी कुजू लागतात. काढणी घाईने उरकली तर वाईन आंबट आणि रुक्ष होते. लांबवली तर पीकच हातचे जाण्याची भीती असते.

लाल वाईनच्या द्राक्षांपैकी इटलीत सर्वाधिक क्षेत्रावर लागवड आहे ती या हट्टी जातीची. तिच्या वाईनचा रंग फार गडद नसतो, आंबटपणा भरपूर असतो आणि तुरटपणा जिभेवर स्पष्ट जाणवतो. आपल्या करवंदात आंबट, गोड आणि तुरट या तिन्ही चवी जशा एकमेकींना सोडत नाहीत, तशाच त्या इथेही एकत्र नांदतात; त्यांच्यामागून आंबट चेरीचा, सुकलेल्या रानवनस्पतींचा आणि जुनी झाल्यावर चामड्याचा गंध येतो. कॅबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष कुठेही लावले तरी आपला ठसा बराचसा टिकवून ठेवते. सांजोवेसेचे तसे नाही. उतार कोणत्या दिशेला आहे, बाग किती उंचीवर आहे आणि मुळांखाली कोणता दगड आहे, यावर त्याची चव इतकी बदलते की शेजारच्या दोन गावांच्या वाईन एकाच द्राक्षाच्या आहेत, हे नवख्याला सांगावे लागते.

यातला सर्वांत जुना आणि सर्वांत गुंतागुंतीचा मुलूख म्हणजे कियांती. 1716 मध्ये टस्कनीचे शासक तिसरे कोसिमो दे मेदिची यांनी फर्मान काढून कियांतीची सीमा आखून दिली होती. पुढे 1872 मध्ये ब्रोलिओ किल्ल्याचे धनी आणि इटलीचे माजी पंतप्रधान बेत्तिनो रिकासोली यांनी पिसा येथील एका प्राध्यापकांना लिहिलेल्या पत्रात आपल्या प्रयोगांचा निष्कर्ष मांडला: गंध आणि जोम सांजोवेसेचा, तो थोडा मवाळ करण्यासाठी कानाइओलो हे दुसरे काळे द्राक्ष, आणि लवकर प्यायच्या वाईनमध्ये माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष. मुरवण्याच्या वाईनमध्ये माल्वाझिया नको, असेच त्यांना सुचवायचे होते. तरीही 1967 च्या नियमांनी कियांतीच्या लाल वाईनमध्ये 10 ते 30 टक्के पांढरी द्राक्षे सक्तीची केली. त्याच सुमारास अर्धेलीने जमीन कसण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली, कुळे शहरांकडे निघून गेली आणि नव्या लागवडीत गुणापेक्षा उत्पन्नाला महत्त्व आले. गवताने विणलेल्या बाटलीतली फिकट, पातळ कियांती जगभर पोहोचली ती या काळात, आणि तिने या द्राक्षाचे नाव जितके खराब केले तितके कोणत्याही रोगाने केले नसेल.

त्यातून बाहेर पडण्याची वाट ज्यांनी काढली, त्यांना नियम मोडूनच ती काढावी लागली. राद्दा गावच्या मोन्तेव्हेर्तिने या बागेने 1977 च्या पिकापासून ‘ले पेर्गोले तोर्ते’ ही निव्वळ सांजोवेसेची वाईन तयार केली. ज्या मातीत ती पिकली तिचे मानाचे नाव बाटलीवर लिहिण्याची परवानगी तिला नव्हती, आणि ती साधी टेबल वाईन म्हणून विकली गेली. कियांती क्लासिको या जुन्या गाभ्याच्या प्रदेशात निव्वळ सांजोवेसेला मान्यता मिळायला 1996 साल उजाडले, आणि पांढऱ्या द्राक्षांवर बंदी आली ती 2006 च्या पिकापासून.

ही बंधने सुटल्यावर गावागावांतले फरक पुन्हा वाचता येऊ लागले. इथल्या जमिनीतला पापुद्र्यांसारखा सुटणारा, ठिसूळ दगड म्हणजे गालेस्त्रो, आणि फिकट, टणक, चुनखडीयुक्त दगड म्हणजे आल्बेरेझे. राद्दासारख्या उंच, थंड भागातली वाईन सडपातळ असते आणि तिची आंबट धार शेवटच्या घोटापर्यंत टिकते. लामोलेच्या वालुकाश्मावर ती आणखी हलकी आणि सुगंधी होते. दक्षिणेकडे, सिएनाच्या बाजूला उतरत जाणाऱ्या कास्तेल्नुओवो बेरार्देन्गात ऊन अधिक मिळते आणि वाईन भरीव होते. 2021 मध्ये उत्पादक संघाने या प्रदेशाचे 11 विभाग ठरवले, तेव्हा रसिकांना जिभेने कळत असलेला भूगोल कागदावर आला.

सिएनाच्या दक्षिणेला मोन्ताल्चिनो आहे. इथे पाऊस कमी पडतो, उष्णता जास्त असते, आणि 1738 मीटर उंचीचा आमिआता पर्वत दक्षिणेकडून येणारी वादळे अडवतो, त्यामुळे सांजोवेसे पूर्ण पिकण्याची खात्री कियांतीपेक्षा अधिक असते. फेरुच्चो बिओन्दी सांती यांनी आपल्या बागेतल्या निवडक वेलींची वाईन इतर कोणतेही द्राक्ष न मिसळता दीर्घकाळ मुरवली, आणि 1888 च्या पिकाची त्यांची बाटली ब्रुनेल्लो या इथल्या प्रसिद्ध वाईनच्या इतिहासाचा आरंभ मानली जाते. आजही ब्रुनेल्लो शंभर टक्के सांजोवेसेचीच असावी लागते, किमान दोन वर्षे लाकडी पिंपांत राहावी लागते, आणि काढणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या 1 जानेवारीपूर्वी ती बाजारात येऊ शकत नाही. 2008 मध्ये काही बाटल्यांत इतर द्राक्षे मिसळल्याच्या संशयावरून चौकशी झाली आणि गावाची प्रतिष्ठा पणाला लागली. त्यानंतर 2011 मध्ये, ब्रुनेल्लोची धाकटी बहीण असलेल्या रोस्सो दी मोन्ताल्चिनोमध्ये तरी इतर जातींना वाव द्यावा, हा प्रस्ताव उत्पादकांनी मोठ्या बहुमताने फेटाळला. विक्री सोपी करणारी वाट समोर असताना त्यांनी ती नाकारली, याचा आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

मुरवण्याची भांडी हाही इथला वादाचा विषय आहे. क्रोएशियातल्या स्लाव्होनिया भागातील ओकची जुनी, अवाढव्य पिंपे वाईनला सावकाश श्वास घेऊ देतात, पण आपली चव तिच्यावर लादत नाहीत. फ्रान्सची छोटी नवी पिंपे मात्र व्हॅनिला आणि भाजलेल्या लाकडाचा गंध देतात, आणि इतक्या नाजूक द्राक्षावर तो गंध सहज स्वार होतो. थोरल्या पिंपांकडे परतणाऱ्या उत्पादकांचे पारडे या वादात जड आहे, असे आमचे मत आहे.

मोन्तेपुल्चानो गावात हेच द्राक्ष प्रुन्योलो जेंतिले या नावाने ओळखले जाते आणि तिथल्या ‘व्हीनो नोबिले’ या वाईनमध्ये इतर जाती मिसळण्याची मुभा आहे. समुद्रालगतच्या मारेम्मात, स्कान्सानोभोवती, ते लवकर पिकते, आणि मोरेल्लिनो या नावाची त्याची वाईन मऊ, फळाळ, फार न थांबता पिण्याजोगी असते.

आपेनीन पर्वतरांग ओलांडली की रोमान्या लागते. मैदानातल्या भरघोस उत्पादनामुळे इथले सांजोवेसे दीर्घकाळ दुय्यम मानले गेले, परंतु प्रेदाप्पिओ, बेर्तिनोरो आणि मोदील्याना यांच्या टेकड्यांवर त्याचे रूप वेगळेच आहे. बेर्तिनोरोच्या परिसरात शंखशिंपल्यांच्या जीवाश्मांनी भरलेला स्पुन्गोने नावाचा दगड सापडतो. मोदील्यानाच्या उंच, रानाने वेढलेल्या उतारांवरची वाईन तर कियांतीच्या चांगल्या गावांशी बरोबरी करते, आणि किमतीने मात्र बरीच खाली असते.

शतकानुशतके जेनोवाच्या अमलाखाली असलेल्या आणि आता फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या कॉर्सिका बेटावर, पात्रिमोनिओ भागात, हेच द्राक्ष निएलुच्चो म्हणून लावले जाते. आणि महाराष्ट्रात, सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात, फ्रातेल्ली या इटालियन-भारतीय भागीदारीतील कंपनीने टस्कनीचे वाईनकार पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली त्याची लागवड केली आहे. तिथे ऋतुचक्र उलटे आहे. पावसाळा सरल्यावर वेल फळाला येतो, हिवाळ्यात घड वाढतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काढणी होते. म्हणजे टस्कनीत जे द्राक्ष गारवा वाढत असताना पिकते, ते इथे ताप वाढत असताना पिकते. अशा हवेत साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा उतरू लागतो, म्हणून काढणीचा दिवस ठरवणे इथेही तितकेच कठीण आहे. या कंपनीची ‘सेट्टे’ ही ख्यातनाम वाईन सांजोवेसे आणि कॅबर्ने यांची आहे, पण कॅबर्नेचा दमदार गंध सोबत आला की सांजोवेसेचे स्थानिक रूप मागे सरते. सोलापूरच्या मातीत या द्राक्षाचे काय झाले, हे समजून घ्यायचे असेल तर निव्वळ सांजोवेसेची बाटली उघडावी, आणि आपल्याकडच्या उष्म्यात ती आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून 16 ते 18 अंशांवर आणावी, कारण त्याहून गरम वाईनमध्ये अल्कोहोलच पुढे येतो.