गावचा पाऊस कोणी मोजला?

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेतील प्रकल्प म्हटला की अनेक घरांमध्ये एक ठरलेले दृश्य उभे राहते. प्रकल्प उद्या द्यायचा असतो आणि आदल्या रात्री आई अक्षर काढत असते, वडील दुकानातून चित्रांचा तक्ता आणि थर्माकोल आणतात आणि मूल डिंकाने चित्रे चिकटवते. प्लास्टिकच्या आवरणात घातलेली ती वही शिक्षकांच्या टेबलावर जाते, तिला गुण मिळतात आणि ती कपाटात पडून राहते. या साऱ्यात मुलाने एकदाही स्वतःचा विचार केलेला नसतो, कारण विचार करावा असे काही त्याच्यासमोर ठेवलेलेच नसते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मीही असेच प्रकल्प दिले. विषयांची यादी मी करत असे आणि त्या प्रत्येक विषयाचे उत्तर मला आधीच ठाऊक असे. त्यामुळे त्या मुलांचे जे नुकसान झाले, त्याची मला आजही खंत वाटते.

प्रकल्प ही कल्पना मुळात अशी नव्हती. विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने 1918 साली प्रकल्प पद्धतीवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा मुलाने मनापासून आणि हेतू धरून केलेली कृती हा त्याच्या मांडणीचा गाभा होता. आपल्याकडे 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमचा, म्हणजे हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याचा, विचार मांडला. हस्तव्यवसाय यांत्रिकपणे न शिकवता त्यातील प्रत्येक क्रियेचे ‘का’ आणि ‘कशासाठी’ मुलाला कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे मुले गावाला खरोखर लागणाऱ्या वस्तू आणि सेवा यांवर काम करत शिकू लागली. एखादा सांधा नीट जुळला की नाही, हे तेथे शिक्षकांनी सांगावे लागत नाही, ते कामच सांगते.

बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 साली शैक्षणिक उद्दिष्टांची जी उतरंड मांडली, तिची सुधारित आवृत्ती 2001 साली आली. तिच्यात स्मरण, आकलन आणि उपयोजन यांच्या वर विश्लेषण, मूल्यमापन आणि नवनिर्मिती या तीन पायऱ्या आहेत. या वरच्या तीन पायऱ्यांना आपण उच्चस्तरीय विचारकौशल्ये म्हणतो. आपल्या लेखी परीक्षा बहुधा खालच्या पायऱ्यांवरच रेंगाळतात. वरच्या पायऱ्यांवर मूल कसे पोहोचते, हे मला एका पावसाळ्याने शिकवले, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने बोलतो.

आमची शाळा सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण भागात आहे. एका सप्टेंबरमध्ये संध्याकाळच्या वळवासारख्या पावसाने गावातील कांद्याची रोपे वाहून गेली. चोवीस तासांत महसूल मंडळात, म्हणजे महसूल खात्याने केलेल्या काही गावांच्या गटात, 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर नुकसानीच्या मदतीसाठी अतिवृष्टी धरली जाते. आमच्या मंडळातील पर्जन्यमापकाची नोंद मात्र त्या दिवशी त्यापेक्षा बरीच कमी होती. दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारले, “सर, आमच्या गावात पडलेला पाऊस कोणी मोजला?” त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. या प्रश्नाचे मोल त्यातच होते, हे मला नंतर उमगले.

पुढच्या जूनमध्ये मुलांनी सरळ भिंतींच्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा वरचा भाग कापून, तो उलटा बसवून सात पर्जन्यमापके केली आणि ती गावात व आसपासच्या वस्त्यांवर ठेवली. बाटलीचा तळ खोलगट असतो, म्हणून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरून तेथे शून्याची खूण करायची असे ठरले. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घेण्याचा नियमही त्यांनीच केला. पहिल्याच आठवड्यात एका मुलीने वहीत उणे 2 मिलिमीटर पाऊस लिहून आणला. वर्ग हसला, पण ती ठाम होती, कारण पाणी खरोखरच शून्याच्या खुणेखाली गेले होते. दोन दिवस कोरडे गेले होते आणि पाणी उन्हाने उडाले होते, हे वादावादीतून पुढे आले. मग रोज नोंद झाल्यावर पाणी पुन्हा शून्यावर आणून ठेवायचे, असा दुसरा नियम झाला. बाष्पीभवनाची व्याख्या ही मुले सहावीपासून पाठ म्हणत होती, पण ते आपल्या मोजमापात घुसून आकडा बिघडवू शकते, ही जाण त्या दिवशी आली.

जुलैमध्ये एका वस्तीवरचा पाऊस सतत इतरांच्या दुप्पट दिसू लागला. नोंद घेणाऱ्यावर चूक केल्याचा आरोप झाला, तेव्हा चौघेजण तेथे जाऊन पाहून आले. आढ्याचे पाणी वळचणीला येते म्हणतात ना, तसेच घडले होते. बाटली पन्हळीच्या अगदी जवळ होती. दुसऱ्या एका ठिकाणी बाटली लिंबाखाली असल्याने आकडा कमी येत होता. यानंतर एका मुलीने सुचवले की दोन बाटल्या एकाच जागी शेजारीशेजारी ठेवून पाहू. त्यांच्या नोंदींतही 2 ते 3 मिलिमीटरचा फरक पडला. तेव्हा वर्गापुढे खरा अवघड प्रश्न उभा राहिला. शेजारच्या दोन बाटल्यांत एवढा फरक पडत असेल, तर दोन गावांच्या आकड्यांतील कोणता फरक खरा मानायचा आणि कोणता सोडून द्यायचा? हे मूल्यमापन आहे, आणि ते धडा वाचून येत नाही.

ज्या मुलाने पहिला प्रश्न विचारला होता, त्याला मंडळाचे यंत्र खोटे ठरवायचे होते, कारण त्याच्या घरचे नुकसान झाले होते. ऑक्टोबरमध्ये आम्ही आमच्या नोंदी मंडळाच्या नोंदींशेजारी मांडल्या. काही दिवशी आमच्याकडे पाऊस जास्त होता, पण काही दिवशी मंडळाच्या ठिकाणी भरपूर आणि आमच्याकडे जवळजवळ कोरडे, असेही होते. तो मुलगा बराच वेळ त्या दोन रकान्यांकडे पाहत बसला. मग त्याने आपल्या वहीतील आधीचे वाक्य खोडून नवे लिहिले. यंत्र चुकीचे नाही, मेघगर्जनेचा पाऊस तुकड्यातुकड्यांनी पडतो आणि एवढ्या गावांना एक यंत्र पुरत नाही, असा त्याचा आशय होता. आपल्या रागाच्या विरुद्ध जाणारा पुरावा त्याने स्वीकारला आणि त्यातून आधीपेक्षा अधिक बळकट मागणी उभी केली. माझ्या सगळ्या नोकरीत मी पाहिलेले हे सर्वांत मोलाचे खोडणे होय.

आणखी एक यंत्र बसवायचे तर ते कोठे असावे, याचे नकाशे मुलांच्या तीन गटांनी केले. तिन्ही नकाशे वेगळे निघाले आणि प्रत्येक गटाला आपल्या जागेची कारणे द्यावी लागली. याच काळात कोणीतरी हिशेब केला की एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, आणि शाळेचे छप्पर 180 चौरस मीटर असेल तर 65 मिलिमीटर पावसात त्यावर 11,700 लिटर पाणी पडते. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या या मुलांना तो आकडा लगेच कळला, कारण तो एका मोठ्या टँकरएवढा होता.

शिक्षक-श्रोत्यांना येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. प्रकल्प दिला म्हणजे शिकवणे संपले, असा समज घातक आहे. ज्या मुलाला मिलिमीटर म्हणजे काय, क्षेत्रफळ कसे काढतात, सरासरी कशी काढतात हे येत नाही, त्याचा प्रकल्प म्हणजे नुसती धावपळ ठरते. आम्ही त्या पावसाळ्यात कित्येक तास फळ्यावर साधे गणित केले, आणि गरज डोळ्यांसमोर असल्याने ते लवकर उतरले. शिक्षकाने आवरायचे असते ते उत्तर. पन्हळीची चूक मला पहिल्याच आठवड्यात दिसली होती. मी ती सांगितली असती, तर मुलांची पंधरा दिवसांची मेहनत वाचली असती आणि त्यांचा सगळा शोधही गेला असता.

गटकामातील एक दोष मला उशिरा लक्षात आला. आपोआप वाटणी होऊ दिली की मुलगे शेताकडे नोंदी घ्यायला जातात आणि मुलींकडे सुवाच्य अक्षरात लिहिण्याचे व सजावटीचे काम येते. विचार करण्याचा वाटा असा नकळत हिरावला जातो. म्हणून आम्ही दर पंधरवड्याला कामे फिरवली, आणि दोन बाटल्या शेजारी ठेवण्याची सूचना ज्या मुलीने केली, ती आधीचा महिनाभर फक्त तक्ते रंगवत होती.

मूल्यमापनासाठी मी सुबक वही पाहणे सोडून दिले. प्रत्येक मुलाला पाच मिनिटे समोर बसवून मी दोनच प्रश्न विचारत असे. हे तू कशावरून म्हणतोस, हा पहिला. आणि कोणता आकडा आला असता तर तुझे मत बदलले असते, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला मुले प्रारंभी गप्प राहात. पालकांनीही घरी हा प्रश्न जरूर विचारून पाहावा आणि मुलाच्या गप्प बसण्याला थोडा वेळ द्यावा.

त्या वर्गाची नोंदवही पुढच्या वर्षीच्या आठवीकडे गेली. नव्या मुलांनी ती वाचली, सात बाटल्यांच्या जागा फिरून पाहिल्या आणि त्यांतील दोन बदलल्या. त्यानंतर त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर आपला प्रश्न लिहिला. वारा जोराचा असताना बाटलीत पाऊस कमी पडतो का, हा तो प्रश्न. त्याच्या तपासासाठी या जूनमध्ये मैदानावर दोन बाटल्या ठेवल्या जाणार आहेत, एक उघड्यावर आणि एक आडोशाला.

नमस्कार.