नागिणीची गोळी आणि किमोची गोळी

हा गोव्यात सांखळीतला आमच्या मावशीचा सोपा आणि हा तिचा औषधांचा डबा, बिस्किटांचा जुना डबा आहे, झाकण नीट लागत नाही. आत दोन पाकिटं होती. एक कॅपेसिटाबिन, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरची किमो, पण सलाईन वगैरे काही नाही, घरीच जेवणानंतर घ्यायची, १४ दिवस गोळ्या आणि ७ दिवस सुट्टी. दुसरं लिस्बनहून आलेलं, ब्रिव्हुडिन, नागिणीवरचं.

किमोत प्रतिकारशक्ती खाली जाते, मग लहानपणच्या कांजिण्यांचा व्हायरस जो नसांत दडून बसलेला असतो तो उठतो. मावशीच्या कमरेवर फोडांचा पट्टा आला, नुसती आग आग, साडीसुद्धा टेकू देईना. गावात सगळे म्हणायला लागले की नागिणीची तोंडं जुळली तर माणूस जातो. ते खरं नाही हो. पण ही दोन पाकिटं जुळली तर जीव जाऊ शकतो.

मावसभाऊ तिकडे कामाला, त्याला स्वतःला नागीण झालेली तेव्हाच्या उरलेल्या गोळ्या त्याने मायेने आणल्या. त्याची काय चूक?

कॅपेसिटाबिनचं शरीरात ५-एफयू होतं, तेच कॅन्सरच्या पेशी मारतं, आणि त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त डीपीडी नावाचं एन्झाइम मोडून टाकतं, डोस ठरतो तोच मुळी हे धरून. ब्रिव्हुडिनपासून शरीरात जो पदार्थ बनतो तो या एन्झाइमला असा चिकटतो की ते बंदच पडतं, शरीराने नवीन बनवेपर्यंत. मग रोजचाच डोस विष होतो, तोंड आतून सोलून निघतं, जुलाब थांबत नाहीत, पांढऱ्या पेशी संपत येतात. म्हणून ब्रिव्हुडिनची शेवटची गोळी आणि किमो यात निदान ४ आठवडे पाहिजेत, त्या ७ दिवसांच्या सुट्टीत घेऊनही चालत नाही.

जपानात १९९३ च्या सप्टेंबरमध्ये सोरिव्हुडिन नावाचं असंच औषध बाजारात आलं आणि काही आठवड्यांत ५-एफयूच्या जातीची औषधं चालू असलेले १५ जण गेले. त्या काळी तिकडे कॅन्सर झालाय हे पेशंटलाच सांगत नसत, मग तो स्किनच्या डॉक्टरला काय सांगणार?

आणि आमच्याकडे तरी काय, मावशीला आम्ही ‘गाठीची गोळी’ एवढंच सांगितलेलं.

वाचली ती शेजारच्या आजोबांमुळे, पोर्तुगीज काळात शिकलेले, पाकिटातला कागद त्यांनी चष्मा लावून वाचला आणि किमोचा शब्द आल्यावर हातातलं पाकीट घट्ट धरूनच ठेवलं. दुसऱ्या दिवशी मावशीला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं, तिथे नागिणीवर असायक्लोव्हिर दिली, ती या एन्झाइमला हात लावत नाही.

संध्याकाळी याच सोप्यावर बसून मावशीला कॅन्सर हा शब्द सांगितला. ती म्हणाली, मला माहीत होतं रे. आता डब्याच्या झाकणावर तिनेच मार्करने लिहिलंय, ‘किमो चालू’, आणि दात दाखवायला जाताना पण डबा सोबत नेते.