श्वास पूर्ण मिनिटभर मोजा

(नर्सिंगच्या विद्यार्थ्यांपुढे जळगावात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

कुठल्याही वॉर्डात जा, टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा तक्ता उघडा आणि श्वासाचा रकाना बघा. वीस, वीस, अठरा, वीस. न्यूमोनियाचे आजोबा असोत, हर्नियाचं ऑपरेशन झालेला तरुण असो, नाहीतर फवारणीचं औषध पिऊन आलेली बाई असो, सगळ्यांचा श्वास वीस. थर्मामीटर काखेत ठेवावाच लागतो, बीपीचा पट्टा दंडाला गुंडाळावाच लागतो. श्वासाला यंत्र लागत नाही, नुसतं उभं राहून बघावं लागतं. म्हणून तोच रकाना न बघता भरला जातो. मला विषय दिलाय ‘रुग्णाची तपासणी आणि नेहमीचे आजार ओळखणे’. एका सकाळीत मावणारा हा विषय नाही. मी त्याचं एकच टोक धरणार आहे. बिघडत चाललेला पेशंट बहुतेक वेळा सगळ्यात आधी श्वासातून कळतो, आणि त्या वेळी खाटेजवळ डॉक्टर नसतात, तुम्ही असता.

श्वासच आधी का? रक्तातला ऑक्सिजन कमी होऊ दे, जंतुसंसर्गाने किंवा वाढलेल्या साखरेने रक्तात आम्ल साठू दे, पोटात आतल्या आत रक्तस्राव होऊ दे, मेंदूतलं केंद्र लगेच श्वासाचा वेग वाढवतं. बीपी तसं लगेच पडत नाही. तरुण माणसाच्या रक्तवाहिन्या आकसतात, नाडी वाढते आणि बीपी बराच वेळ ११० वर टिकून राहतं. ते पडलेलं दिसतं तेव्हा हातातला वेळ गेलेला असतो. मोठ्या माणसाचा शांत बसलेला श्वास मिनिटाला १२ ते २०. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये पेशंट बिघडतोय हे लवकर कळावं म्हणून गुण देण्याची पद्धत आणली. गुण जितके जास्त तितका धोका जास्त. त्यात श्वास २५ किंवा जास्त असेल तर एका गोष्टीला मिळू शकणारे सगळ्यात जास्त, म्हणजे तीन गुण आहेत. ८ किंवा कमी असेल तरी तीनच. बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी तेवढ्यावरून डॉक्टरांना बोलवायचं.

आता मोजायचा कसा. ‘बाबा, तुमचा श्वास मोजते’ असं सांगितलं की बाबांचा श्वास बदललाच. म्हणून मनगट धरा, नाडी मोजा, ती मोजून झाली तरी मनगट सोडू नका. त्यांना वाटतंय नाडीच चाललीय, तुमची नजर छातीवर. आपल्याकडे बाईमाणूस पदर, वर चादर घेऊन झोपलेली असते, छाती हललेली दिसत नाही. मग तिचा हात हळूच पोटावर आणून ठेवा आणि मनगट तसंच धरून ठेवा, हात वरखाली होतो तो मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. त्यात एक श्वास चुकला की चार्टवर चारने चूक होते, आणि १८ की २२ यातच कधी कधी सगळा फरक असतो. मोजतानाच बाकीचं बघून घ्या. मानेचे स्नायू ओढले जातायत का, नाकपुड्या फुलतायत का, झोपवलं की उठून बसतो का. नाव-गाव विचारा. ‘पारोळ्याहून आलो, कालपासून दम लागतोय’ एवढं एका दमात बोलता आलं, की मध्ये दोनदा थांबावं लागलं? तेही चार्टवर लिहा.

लहान मुलांचे आकडे वेगळे, ते पाठच पाहिजेत. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० आणि वर, दोन महिने ते एक वर्ष ५० आणि वर, एक ते पाच वर्षं ४० आणि वर, म्हणजे श्वास जलद. बाळ रडत नसताना, दूध पीत नसताना मोजायचा. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच कमीजास्त होतो, मध्येच थांबल्यासारखा वाटतो, तिथे पूर्ण मिनिटाला पर्यायच नाही. झबलं वर करा आणि छातीचा खालचा भाग श्वास घेताना आत ओढला जातो का बघा. सातपुड्यात मोलगी, धडगावकडे काम करणाऱ्यांनी दंडाची पट्टीही सोबत ठेवावी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या आत असेल तर ते तीव्र कुपोषित आहे, आणि अशा मुलाला न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच असं नाही. अंग थंडगार लागतं, मूल गप्प पडून असतं, आई सांगते ‘त्रासच देत नाही’. ज्याला ताप नाही असं जलद श्वासाचं गप्प मूल मला तापाने रडणाऱ्या मुलापेक्षा जास्त काळजीत टाकतं.

कोणी म्हणेल, आता बोटाला ऑक्सिमीटर आहे, श्वास कशाला मोजायचा? ऑक्सिमीटर चांगलाच आहे, पण तो काय मोजतो ते समजून घ्या. रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलंय एवढंच तो सांगतो. हिमोग्लोबिन मुळात किती आहे ते सांगत नाही. १०० मिली रक्तात जेमतेम ४ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेली बाळंतीण ९८ टक्के दाखवते आणि तरी तिच्या शरीराला पुरेसा ऑक्सिजन मिळत नसतो. तिची नाडी १२० असते, श्वास २८ असतो, खालची पापणी ओढून बघितली तर पांढरी फटक. यंत्राचा आकडा बघून ‘नॉर्मल’ लिहून पुढच्या खाटेकडे जाऊ नका. गडद नेलपॉलिश, गार पडलेली बोटं, हलणारा हात, यांनीही आकडा चुकतो.

आता आपल्या खान्देशातले पेशंट. सगळे आजार घेत नाही, इथे वारंवार दिसणारे थोडे घेते.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, तुम्हाला ते सांगायला नको. उन्हातून आलेला माणूस नुसता थकलाय की उष्माघात झालाय, हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो: तो नीट बोलतोय का? बरळतोय, चालताना तोल जातोय, नातेवाईक ओळखत नाही आणि अंग तापलेलं आहे, तर उष्माघात समजून कामाला लागा. शरीराच्या आतलं तापमान १०४ फॅरनहाइटच्या वर असतं, काखेतला आकडा त्याहून कमी दाखवतो, त्यावर विसंबू नका. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हेही खरं नाही. शेतात राबताना पडलेला जवान माणूस घामाने भिजलेला असू शकतो. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा संसर्गाचा ताप नव्हे. कपडे काढा, अंगभर पाणी मारा, पंखा लावा, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू पाहणाऱ्या नातेवाइकाचा हात धरा.

बरळणाऱ्या प्रत्येक पेशंटची साखर आधी बघा. ‘प्यायलेला दिसतोय’ असं म्हणून कोपऱ्यातल्या खाटेवर टाकलेल्या माणसाची साखर ३५ निघू शकते. ७० च्या खाली म्हणजे कमी, ५४ च्या खाली म्हणजे धोक्याची. म्हातारी माणसं उपास धरतात आणि मधुमेहाची गोळी मात्र न चुकता घेतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने उतरलेली साखर ग्लुकोज दिल्यावर वर येते, माणूस उठून बसतो, घरचे निघायची तयारी करतात आणि काही तासांनी ती पुन्हा उतरते. किडनी अधू असेल तर हमखास. त्या पेशंटला रात्रभर तरी डोळ्यासमोर ठेवा आणि साखर पुन्हा पुन्हा बघा.

अर्धांगवायूत तोंड वाकडं, हात लुळा, बोबडं बोलणं हे तुम्ही शिकलाच आहात. माझं सांगणं एवढंच, की ‘शेवटचा ठणठणीत कधी होता’ ही वेळ विचारून लिहा, कारण गुठळी विरघळवायच्या औषधाचे साडेचार तास तिथून मोजतात. मधुमेही बाई ‘जीव घाबरस, घाम येस’ म्हणत आली तर छातीत दुखत नसलं तरी तो हार्ट अटॅक असू शकतो, दहा मिनिटांत ईसीजी काढा. अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन बाकावर बसवू नका.

आता फवारणी. पावसाळ्यात कपाशीवर फवारणी सुरू झाली की अपघाताने विषबाधा झालेले येतात, आणि जाणूनबुजून प्यायलेलेही येतात. दोघांशी सारख्याच मायेने वागा. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं कीटकनाशक असेल तर डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, छातीत घरघर, नाडी मंद, कपड्यांना उग्र वास. हातमोजे घाला, कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, केस आणि नखंसुद्धा. विष कातडीतूनही आत जात राहतं. डॉक्टर अ‍ॅट्रोपिन हा उतारा सुरू करतात, छाती कोरडी होते, पेशंट बोलायला लागतो. इथपर्यंत सगळे जागरूक असतात.

खरी परीक्षा नंतर. साधारण चोवीस तासांपासून चौथ्या दिवसापर्यंत कधीही या पेशंटचे मानेचे आणि श्वासाचे स्नायू कमजोर पडू शकतात. लाळ थांबलेली असते, बाहुली ठीक असते, घरचे डिस्चार्जचं विचारायला लागलेले असतात. अशा वेळी तुम्ही खाटेजवळ जायचं आणि म्हणायचं, ‘नाना, उशीवरून मान उचला बरं.’ नाना मान उचलून छातीकडे बघू शकले तर ठीक. हनुवटी थरथरली, डोकं उशीवरच राहिलं, तर तिथून हलायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं. एका दमात आकडे म्हणायला सांगा. काल वीसपर्यंत म्हणणारा माणूस आज नऊवर थांबला तर त्याला व्हेंटिलेटर लागू शकतो. ऑक्सिमीटर त्या क्षणी अजून ९६ दाखवत असेल. ही मान उचलायला लावण्याची तपासणी प्रत्येक पाळीत करा आणि चार्टवर वेळेसकट लिहा. हिला पैसा लागत नाही आणि हिने माणूस वाचतो.

मण्यारचंही असंच आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार साप तुम्हाला माहीत आहेत. त्यातली मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. खूण दिसत नाही, सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून मुलगा उठतो, घरचे अपचन समजतात. अशा मुलाला वर बघायला सांगा. पापण्या उघडत नसतील, गिळायला त्रास होत असेल, आवाज नाकातून येत असेल, तर साप कोणी पाहिला नसला तरी सापच समजून डॉक्टरांना सांगा. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही, त्यासाठी कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग एकदा तिरपं करून बघायचं. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकच्या नळीत निकाल चुकतो. मण्यारच्या पेशंटमध्ये ही तपासणी नॉर्मल येते, म्हणून ‘विषारी नाही’ असं ठरवू नका.

नंदुरबारकडच्या मुलांनी सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार डोक्यात ठेवायलाच हवा. भिल्ल, पावरा समाजात तो आहे. १ जुलै २०२३ ला त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासण्या वाढल्या. पण वॉर्डात अजूनही ऐकू येतं, ‘हा दर महिन्याला इंजेक्शनसाठी येतो.’ तो दुखतं म्हणून येतो. कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडापर्यंत रक्त पोचत नाही, ते दुखणं बाहेरून दिसत नाही. त्याचं दुखणं दहापैकी किती ते विचारा, तो सांगेल ते लिहा आणि औषध वेळेवर द्या. मात्र औषध देऊन पाठ फिरवू नका. दुखण्यासोबत ताप आला, छातीत दुखू लागलं, श्वास वाढला तर फुप्फुसात गडबड सुरू झालीय, त्यात जीव जाऊ शकतो. आणि मॉर्फिनसारखं औषध चालू असेल तर उलट बाजूने बघा, श्वास मंदावतोय का. बीपी वाढून झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम देताना हाच नियम: पुढचा डोस देण्याआधी श्वास १६ च्या खाली नाही, गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतोय, लघवी तासाला ३० मिली तरी आहे, हे बघूनच द्यायचा. मॅग्नेशियमचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट भरून बाजूला.

रात्री डॉक्टरांना फोन करताना ‘सर, पेशंट बरा वाटत नाही’ एवढं सांगितलं की समोरून ‘बघतो’ येतं. त्याऐवजी म्हणा, ‘खाट क्रमांक सात, विषबाधा, तिसरा दिवस. संध्याकाळी श्वास १८ होता, आता २८, पूर्ण मिनिट मोजलाय. मान उचलता येत नाही. तुम्ही आत्ता यायला हवं.’ नवीन मुलींना हे शेवटचं वाक्य म्हणायला संकोच वाटतो. म्हणायचं. आणि फोन केल्याची वेळ लिहून ठेवायची.

पुढे पाठवायची वेळ आली तर १०८ येईपर्यंत चिठ्ठी लिहा. सर्पदंश असेल तर चावल्याची अंदाजे वेळ, पापणी पडायला लागली ती वेळ, सर्पविषावरच्या औषधाच्या किती कुप्या दिल्या, निघताना श्वास किती. धडगावहून चांदसैली घाटाने खाली उतरायला वेळ लागतो आणि वाटेत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. म्हणून अँब्यू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, आणि मास्क जोडून, एकदा दाबून बघून, पेशंटच्या डोक्याशी ठेवा. गाडीच्या पेटीत ठेवू नका.