लांबी भरून होडी तरत नाही

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'दर्यावर्दी' म्हटलं. ज्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथला दर्यावर्दी! (हशा) माझा दर्या म्हणजे उजनीचं बॅकवॉटर, आणि गलबत म्हणजे जुनी, फायबरची, शिडाची होडी. तिच्या दुरुस्तीवर बोलायचंय, पण आधी गाऱ्हाणं.

उन्हाळ्यात उजनी उतरते. पळसदेवचं देऊळ वर येतं ते सगळ्यांना दिसतं. जे हातभर पाण्याखालीच राहतं ते कुणाला दिसत नाही. तशाच एका बुडीत बांधाला आम्ही घासलो. बुडाला वीतभर तडा. ट्रेलरवर घालून गाड्यांचे बंपर सांधणाऱ्या एका वर्कशॉपात नेली. "साहेब, संध्याकाळी घेऊन जावा." संध्याकाळी बघतो तर होडी नवरीसारखी! तडा कुठं होता तेही सापडेना. बिल दिलं, वर चहा पाजला. पुढच्याच रविवारी मेहुणा म्हणतो, "दाजी, माझे मोजे ओले कसे?" म्हटलं, लाट आली असेल. उजनीत लाट! शेवटी डब्यातल्या भाकऱ्या त्याच्या मांडीवर दिल्या आणि डब्यानं पाणी उपसत काठ गाठला. कडक भाकरी होती म्हणून टिकली. (हशा) काठावर बोटानं दाबलं, तर लांबीचा, म्हणजे भेगा बुजवायच्या पुट्टीचा, अख्खा पापुद्रा हातात. खाली तडा होता तसाच.

चादरीच्या गावात ही चूक व्हावी? अहो, फायबर म्हणजे रेझिनमध्ये मुरवलेले काचेचे धागे. त्यातलं रोव्हिंग, म्हणजे जाड धाग्यांचं विणलेलं कापड, उलगडून बघा, सरळ ताणा-बाणा. जोर धाग्यात, रेझिन त्यांना जागेवर धरतं. तडा गेला म्हणजे धागे तुटले. मागावर धागा तुटला तर विणकर नुसती खळ फासून पुढं जातो का? गाठ मारतो. काचेला गाठ बसत नाही, एवढाच फरक.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. म्हणजे जे सांगायला बोलावलंत ते आता पळत पळत.

गाठीच्या जागी उतार. आधी नाण्यानं बूड वाजवा, माठ घेताना वाजवतो तसं. बद्द आवाज येईल तिथं थर सुटलेत. तिथपर्यंत ग्राइंडर चालवायचा. मास्क लावा, काचेची धूळ आठवडाभर खाजवते. कडेला बारास एक उतार: जाडी ६ मिलिमीटर तर चहूबाजूंनी ७२. वीतभर तड्यापायी हातभर जखम दिसेल, घाबरू नका. ओल पूर्ण वाळू द्या. आपला मे महिना त्याचसाठी आहे.

मग रेझिनमध्ये भिजवलेल्या काचेच्या कापडाचे लहानमोठे तुकडे, थरावर थर, रोलरनं हवा काढत. होडीच्या जुन्या पॉलिस्टर रेझिनवर इपॉक्सी रेझिन जास्त घट्ट धरतं. महाग आहे, पण बुडाखाली काटकसर नको. त्याच्याबरोबर नेहमीची मॅट, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांची चटई, घेऊ नका, तिचे धागे धरणारी चिकटण इपॉक्सीत विरघळत नाही. विणलेलं नाहीतर शिवलेलं कापड घ्या. ४२ अंशात रेझिनचा मोठा डबा कालवलात तर डब्यातच तापून दगड होतो. पहाटे, थोडं थोडं. पॉलिस्टरच वापरणार असाल तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतू नका, स्फोट होतो. हे मात्र लिहून घ्या.

लांबी? सगळ्यात शेवटी, रंगाआधी, तीही इपॉक्सीची. होडी बाहेर ट्रेलरवर उभी आहे, वाजवून बघा. नाणं आपापलं आणा.