खडक फोडण्याचे शास्त्र आणि खडक न फुटू देण्याचे शास्त्र

नमस्कार. भूऔष्णिक ऊर्जा, कार्बन डायऑक्साइडची भूगर्भातील साठवण आणि शेल वायू (शेल नावाच्या गाळाच्या खडकात अडकलेला नैसर्गिक वायू) यांचे समर्थक सहसा एका व्यासपीठावर दिसत नाहीत. जमिनीखाली दोन-तीन किलोमीटरवर मात्र या तिघांपुढे एकच प्रश्न उभा असतो, तो म्हणजे आपण दाब वाढवला की खडकातील भेगांचे काय होणार.

शेल इतका घट्ट असतो की त्यात अडकलेला वायू आपणहून विहिरीकडे येत नाही. म्हणून आडव्या विहिरी खोदून, उच्च दाबाने पाणी व वाळू आत सोडून खडक फोडतात (यालाच फ्रॅकिंग म्हणतात), आणि दाब उतरल्यावर वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत. भूऔष्णिक ऊर्जेसाठी तप्त पण कोरड्या खडकातून उष्णता काढायची, तर पाण्यालाही अशीच वाट करून द्यावी लागते. न्यू मेक्सिकोतील फेंटन हिल येथे हा प्रयत्न 1970 च्या दशकातच सुरू झाला होता. शेल उद्योगात रुळलेल्या आडव्या विहिरी आणि विहिरीत सोडलेली ऑप्टिकल फायबर केबल यांचा मेळ घालून फर्वो एनर्जी या कंपनीने नेवाडात यशस्वी चाचणी केली, ती मात्र 2023 मध्ये.

कार्बन साठवणीत हेच ज्ञान उलट बाजूने वापरावे लागते, आणि मला हा भाग सर्वांत रंजक वाटतो. सुमारे 800 मीटरपेक्षा खोल गेल्यावर कार्बन डायऑक्साइड द्रवासारखा दाट होतो आणि सच्छिद्र वालुकाश्मात मावतो. पण तो वर निसटू नये यासाठी माथ्यावर अभेद्य थर लागतो, आणि हा थर बहुतेकदा शेलचाच असतो. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात 1996 पासून अशी साठवण होत आली आहे. अल्जीरियातील इन सालाह येथे मात्र जमीन काही मिलिमीटर उचलली गेल्याचे उपग्रहांनी टिपले, आणि वरच्या थराच्या अखंडतेविषयी शंका आल्यामुळे 2011 मध्ये वायू सोडणे थांबवण्यात आले. शेल कोणत्या दाबाला फुटतो हे ज्याला ठाऊक आहे, तोच दाब कुठे आवरायचा हेही सांगू शकतो.

राहिला भूकंपांचा प्रश्न. बदनामी फ्रॅकिंगची अधिक झाली, आणि ब्रिटनमधील लँकशायरमध्ये 2019 साली त्यामुळे 2.9 तीव्रतेचा धक्का बसलाही. परंतु दक्षिण कोरियातील पोहांग येथे 2017 मध्ये झालेल्या 5.5 तीव्रतेच्या भूकंपाचा संबंध तज्ज्ञांनी भूऔष्णिक प्रकल्पाशी जोडला. म्हणूनच तिन्ही क्षेत्रांत विहिरीभोवती संवेदनशील भूकंपमापक बसवतात आणि धक्के ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की पंप बंद करतात. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे 2006 मध्ये अशी व्यवस्था होती आणि पंप थांबवलेही होते, तरी त्यानंतर काही तासांनी 3.4 तीव्रतेचा धक्का बसला, कारण आत शिरलेल्या पाण्याचा दाब खडकात पसरतच राहिला होता. त्यामुळे आता संशोधकांचा भर धक्का बसल्यावर थांबण्यापेक्षा, दाब कुठवर पसरेल याचे भाकीत करून आधीच हात आखडता घेण्यावर आहे.