शाळेतलं उरलेलं अन्न गायीला? आधी हे बघा

नमस्कार मंडळी! ही बादली बघा. शाळेत पोषण आहार झाला की ताटं घासायच्या जागी ठेवतात ना, तीच. खिचडी, भात, अर्धं केळं. मुलांना विचारलं, "याचं काय करायचं?" की सगळा वर्ग एका सुरात, "गायीला घालू!"

उत्तर चांगलं आहे, पण अर्धंच बरोबर.

गायीच्या पोटातला सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. तिथले सूक्ष्मजीव कडबा सावकाश पचवतात. त्यात पाटीभर शिजलेला भात एकदम गेला की तो झपाट्याने आंबतो. एरवी ६ ते ७ असणारा पोटाचा सामू (pH; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्याही खाली घसरतो आणि रवंथ थांबतं. जनावर बसतं ते कधीकधी उठतच नाही. लग्नाच्या पंगतीनंतर उरलेलं खाऊन गुरं दगावतात ना, त्यात कुणी विष घातलेलं नसतं. घातलेली असते ती मायाच, फक्त घमेल्याने!

हे वर्गात दाखवता येतं. भातात कोमट पाणी आणि चमचाभर दही घाला, झाकून एक-दोन दिवस ठेवा. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून त्याचे थेंब या पाण्यात टाका. गडद गुलाबी झालं? आम्ल! पोरं हे विसरत नाहीत. वास तर अजिबातच नाही.

मग आपल्या आज्या काय वेड्या होत्या? नाही हो. त्या आंबोण द्यायच्या, पण त्यात कोंडा, चुणी, पेंड, वर तांदळाचं धुवण, आणि मापाचं भांडं ठरलेलं. गव्हाणीत वैरण असायचीच.

म्हणून आता एकाऐवजी दोन बादल्या. पहिलीत स्वयंपाकघरातलं कच्चं: मटारची सालं, फ्लॉवरची पानं, मुळ्याचा पाला. हे शेळीला, गायीला, वैरणीसोबत थोडं थोडं. कांद्याची ढीगभर सालं आणि हिरवट बटाटे बाजूला. दुसरीत ताटातला भात: तो त्याच दिवशी, थोडासा, कोंबड्यांना. लोणचं त्यात नको, मीठ कोंबडीला बाधतं. बुरशी आलेली चपाती तर कुणालाच नाही, त्या बुरशीचं विष दुधातही उतरतं.

"एवढी काय काळजी?" तर ऐका. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत ही जनावरांची साथ पसरली. तपासात बोट गेलं एका डुक्करफार्मकडे, तिथे हॉटेलचं खरकटं नीट न उकळता घातलं जात होतं. ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली, आणि त्याच वर्षी तिथे खरकटं घालण्यावर बंदी आली. जपानने मात्र उलटी वाट धरली: उरलेलं अन्न तापवायचं, आंबवायचं आणि मगच डुकरांना द्यायचं. आंबणं तेच, पण ते पोटाबाहेर, माणसाच्या देखरेखीखाली.

आता गणिताचा तास. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ येतो. समजा २०० मुलांनी ताटात २०-२० ग्रॅम टाकलं, तर रोजचे ४ किलो. तागडी मुलांच्याच हातात द्या, आठवडाभर आकडे फळ्यावर लिहा. आकडा दिसायला लागला की वाढपी मावशींना "थोडंच वाढा" हे मुलंच सांगतात.

अडतंय एकाच गोष्टीवर: तिखट, तेलकट रस्सा. गायीला नको, कोंबडीलाही नको. आमचा तरी सध्या कंपोस्टच्या खड्ड्यात जातोय. तुमच्या शाळेत त्याचं काय करता, खाली लिहा.